फ्रेंच भाज्यांची नावे: पाठ्यपुस्तकातल्या एका पानाची पार्श्वभूमी

फ्रेंच शिकू लागले की पहिल्या काही आठवड्यांतच भाज्यांचे पान येते. एका बाजूला चित्रे, दुसऱ्या बाजूला नावे आणि प्रत्येक नावाआधी पुल्लिंगाचा 'ल' किंवा स्त्रीलिंगाचा 'ला'. हे पान पाठ करायचे असते, आणि पाठ करताना विद्यार्थी ठरावीक ठिकाणीच अडखळतो. कांद्याला 'ओन्यों' म्हणायचे, पण त्याच्या लिखित रूपात उच्चारात न येणारे 'आय' हे अक्षर कशासाठी? कोबीच्या, म्हणजे 'शू'च्या, अनेकवचनाला 'एस' न लागता 'एक्स' का लागतो? 'आरिको', म्हणजे शेंगभाजीचा घेवडा, स्वराने सुरू होत असूनही त्याच्याआधीचा 'ल' आखूड का होत नाही? 'अपवाद आहे, लक्षात ठेवा' हे उत्तर वर्गात सोयीचे असते. मात्र यांतल्या बहुतेक अपवादांना इतिहास आहे, आणि तो समजला तर ते पान घोकावे लागत नाही.

सुरुवात 'लेग्यूम' या शब्दापासूनच करावी लागते. आज त्याचा अर्थ भाजी असा असला, तरी ज्या लॅटिन शब्दावरून तो आला त्याचा अर्थ शेंगेत येणारे दाणे, म्हणजे कडधान्य, असा होता. अर्थ पसरत जाऊन त्यात कंद, पाला आणि फळभाज्याही आल्या. मूळ अर्थ 'लेग्यूम सेक', म्हणजे सुकी भाजी, या शब्दप्रयोगात मात्र टिकून राहिला, आणि म्हणूनच मसूर आणि वाटाणे आजही त्या नावाखाली मोडतात. हा शब्द आज पुल्लिंगी आहे. बड्या धेंडाला उद्देशून बोलीत 'ग्रॉस लेग्यूम' म्हणतात तेव्हा मात्र तो स्त्रीलिंगी होतो, तेव्हा लिंगाच्या बाबतीत विद्यार्थ्याने स्वतःला फार दोष देऊ नये.

फ्रान्सच्या भूमीवरील बागांत काय पिकत असे याचा सर्वांत प्रसिद्ध जुना दस्तऐवज इ. स. 800 च्या आसपासचा आहे. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या राजकीय मळ्यांच्या व्यवस्थेसाठी काढलेल्या या लॅटिन आज्ञापत्राच्या शेवटच्या प्रकरणात, बागेत काय काय लावावे याची सुमारे 90 वनस्पतींची यादी दिली आहे. तीत कोबी, लसूण, कांदा, लीक (कांद्याच्या कुळातली लांब दांड्याची भाजी), लेट्यूस, काकडी आणि पार्सनिप (गाजरासारखे फिकट मूळ) आहेत. पाठ्यपुस्तकातले सर्वांत आखूड शब्द याच थरातले आहेत: 'शू' (कोबी), 'आय' (लसूण), 'प्वा' (वाटाणा), 'फेव' (बाकला). पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळून लॅटिन शब्द झिजले आणि त्यांची एका दमात उच्चारता येणारी आखूड रूपे उरली. त्यांच्या लिंगाचे कोडेही इथेच सुटते. लसूण, वाटाणा आणि लीक यांची लॅटिन नावे नपुंसकलिंगी होती. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग उरले नाही आणि ती पुल्लिंगात गेली. बाकला आणि लेट्यूस ही नावे मुळातच स्त्रीलिंगी असल्याने 'ला फेव' आणि 'ला लेत्यू' झाली. लेत्यूच्या पोटात तर लॅटिनमधला दूध हा शब्द दडलेला आहे. लेट्यूसचा देठ मोडला की पांढरा चीक येतो, त्यावरून हे नाव पडले.

आता 'शू'च्या अनेकवचनातला 'एक्स'. मध्ययुगातले लेखनिक चर्मपत्र वाचवण्यासाठी अनेक खुणा वापरत. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या 'यू' आणि 'एस' या अक्षरजोडीसाठी ते जी खूण करीत ती 'एक्स'सारखी दिसे. पुढे तिचा अर्थ विसरला गेला, 'यू' पुन्हा लिहिला जाऊ लागला आणि खूण 'एक्स' म्हणून शेवटी चिकटून राहिली. 'ऊ' या उच्चाराने संपणाऱ्या, पण अनेकवचनात 'एक्स' घेणाऱ्या 7 शब्दांची यादी फ्रेंच मुले शाळेत एका तालात म्हणतात: रत्न, खडा, कोबी, गुडघा, घुबड, खेळणे आणि डोक्यातली ऊ. एवढ्या विजोड वस्तू एकत्र येण्याचे दुसरे कोणतेही निमित्त मला ठाऊक नाही.

कांद्याची गोष्ट त्याहून रंजक आहे. कांद्याला लॅटिनमध्ये दुसराच शब्द प्रचलित होता, पण एका जातीच्या कांद्याला शेतकरी 'युनिओ' म्हणत, अशी नोंद इ. स. पहिल्या शतकातला कृषिलेखक कोलुमेला करतो, आणि फ्रेंचने उचलला तो शेतकऱ्यांचा शब्द. जुन्या फ्रेंच लेखनात 'न्य' हा ध्वनी दाखवायला 'आय', 'जी', 'एन' ही तीन अक्षरे मिळून लिहीत. म्हणजे ओन्योंमधला 'आय' आधीच्या 'ओ'चा जोडीदार कधीच नव्हता, तो पुढच्या 'न्य'चा भाग होता. पुढे ही पद्धत मोडली, तरी या शब्दात ते अक्षर राहून गेले. 6 डिसेंबर 1990 रोजी फ्रान्सच्या राजपत्रात लेखनसुधारणा प्रसिद्ध झाल्या आणि त्यांत 'आय' वगळून केलेले लेखन ग्राह्य ठरले. पंचवीस वर्षे त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. मग 2016 च्या फेब्रुवारीत, नव्या पाठ्यपुस्तकांत ही रूपे येणार असे कळताच, देशभर असा गदारोळ झाला की जणू कांदाच हिरावून घेतला जात आहे. आज दोन्ही रूपे शुद्ध मानली जातात आणि बाजारातल्या पाट्यांवर जुनेच रूप अधिक दिसते.

लॅटिन थरावर दुसरा थर चढला तो अरबी वाटेने. 'एपिनार', म्हणजे पालक, हा शब्द फारसीतून अरबीत, तिथून अरबांच्या स्पेनमार्गे मध्ययुगीन लॅटिनमध्ये आणि मग फ्रेंचमध्ये आला. 'ओबेर्जीन', म्हणजे वांगे, याचा प्रवास तर संस्कृतातल्या 'वातिंगण'पासून सुरू होतो. फारसीत त्याचे 'बादिंगान' झाले, अरबांनी आपले 'अल' हे उपपद त्याला जोडले, कॅटलान भाषेने उपपदासकट शब्द उचलला आणि फ्रेंचने कॅटलानकडून घेतला. मराठी वाचकाने 'वांगे' आणि 'ओबेर्जीन' हे शब्द शेजारी ठेवून पाहावेत, कारण एकाच घराण्याची ही दोन टोके इतकी बदलली आहेत की ओळख पटू नये. 'आर्तिशो', म्हणजे आर्टिचोक, हा शब्दही अरबीच, पण तो स्पेन आणि उत्तर इटली अशी वळसे घेणारी वाट चालून सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये पोहोचला.

इटलीचे ऋण एवढ्यावर थांबत नाही. 'ब्रोकोली' उघडच इटालियन आहे, 'सेल्री' आणि 'रादी' (मुळा) हे शब्दही तिकडचेच, आणि 'शू-फ्लर', म्हणजे फ्लॉवर, हे इटालियन नावाचे भाषांतर आहे. 1600 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कृषिग्रंथात ऑलिव्हिए द सेर त्याला अजून 'कोली-फियोरी' असेच म्हणतो आणि हे नाव इटालियन असल्याचे सांगतो. 'बेतराव', म्हणजे बीट, ही भाजी इटलीहून आली त्याला फार काळ झालेला नाही, असेही तो नोंदवतो. 1533 मध्ये इटलीतली कातरीन द मेदिची लग्न होऊन फ्रान्समध्ये आली आणि तिच्यासोबत या साऱ्या भाज्या आल्या, अशी कथा वारंवार सांगितली जाते. ती ऐकायला छान आहे, पण 1494 पासून फ्रेंच सैन्ये इटलीत ये-जा करीत होती आणि व्यापारी तर त्याआधीपासून. एका वधूच्या पेटाऱ्यावर एवढा भार टाकण्याचे कारण नाही.

भाज्यांच्या नावांची पहिली अभ्यासपुस्तके मध्ययुगापासूनच दिसू लागतात. तेराव्या शतकात इंग्लंडमधल्या वॉल्टर ऑफ बिब्सवर्थ याने जमीनदारांच्या मुलांना घरातले आणि शेतीतले फ्रेंच शब्द यावेत म्हणून पद्यात एक पुस्तक रचले होते. त्याच्या हस्तलिखितांत ओळींच्या वर बारीक अक्षरांत इंग्रजी अर्थ लिहिलेले आढळतात, अगदी आजचा विद्यार्थी पेन्सिलीने लिहितो तसे. सोळाव्या शतकात पॅरिसमध्ये शार्ल एत्येन याने बागेतल्या वनस्पतींच्या नावांचे एक छोटे पुस्तक मुलांसाठी म्हणून काढले, पण त्याची दिशा उलटी होती. फ्रेंच नाव मुलांना ठाऊकच आहे असे गृहीत धरून त्यासाठीचा लॅटिन शब्द त्यात शिकवला होता. त्या काळी शिकण्याची भाषा लॅटिन होती, आणि फ्रेंच नाव हे फक्त तिथवर जाण्याची पायरी.

अमेरिकेतून भाज्या आल्या तेव्हा नावांचा गोंधळ उडाला. बटाट्याला ऑलिव्हिए द सेर 'कार्तूफ्ल' म्हणतो. हा शब्द जमिनीखालच्या सुगंधी कवकाच्या इटालियन नावावरून आला आणि जर्मनमध्ये आजही टिकून आहे. फ्रेंचमध्ये मात्र 'पॉम द तेर', म्हणजे जमिनीतले सफरचंद, हे नाव विजयी झाले, आणि तेही आधी इतर कंदांसाठी वापरून झाल्यावर. पार्मांतिए हा औषधशास्त्रज्ञ प्रशियाच्या कैदेत बटाटे खाऊन जगला होता. पुढे त्याने या कंदाचा नेटाने प्रचार केला, आणि बटाटा घातलेल्या पदार्थांना आजही त्याचे नाव दिले जाते. 'तोपिनांबूर' या कंदाची कथा आणखी विचित्र आहे. ती वनस्पती उत्तर अमेरिकेतली, फ्रेंचांना कॅनडाच्या मोहिमांमुळे माहीत झालेली. पण 1613 मध्ये ब्राझीलमधल्या तुपिनांबा जमातीचे 6 लोक पॅरिसला आणले गेले, शहरभर त्यांचीच चर्चा झाली, आणि परदेशातून आलेल्या या नव्या कंदाला त्यांचे नाव चिकटले. त्या जमातीचा आणि त्या कंदाचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या वर्षांत बटाटा दुर्मीळ झाला तेव्हा फ्रेंच लोकांनी तोपिनांबूर आणि र्युताबागा (सलगमसारखा एक कंद) यांवर दिवस काढले, आणि ही नावे ऐकून तोंड वाकडे करणारी एक पिढी त्यातून तयार झाली.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने सर्वांत चविष्ट शब्द 'आरिको' हाच. चौदाव्या शतकातल्या फ्रेंच पाककृतींत या नावाचा मटणाचा एक रस्सा आहे आणि त्यात घेवडा नाही, कारण घेवडा तेव्हा अमेरिकेतच होता. त्या रश्श्याचे नाव तुकडे करणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदावरून पडले होते. पुढे घेवडा आला आणि अशा रश्श्यात पडू लागला. सतराव्या शतकात त्याला 'आरिकोची फेव' म्हणू लागले, आणि कालांतराने 'फेव' गळून रश्श्याचे नाव दाण्याला लागले. क्यूबात जन्मलेला कवी एरेदिया याने हा शब्द अ‍ॅझ्टेक भाषेतल्या 'अयाकोत्ल'पासून आला असे सुचवले होते. कल्पना मोहक आहे, पण रश्श्याचे नाव कोलंबसाच्या आधीचे असल्याने तिला मोठी अडचण येते. शिवाय ते जुने क्रियापद जर्मानिक मुळाचे मानले जाते, आणि जर्मानिक शब्दांतला सुरुवातीचा 'ह' फ्रेंच लोक कित्येक शतके खरोखर उच्चारत होते. उच्चार गेला, पण त्याची जागा राखीव राहिली. म्हणून 'ल आरिको' असे सुटे म्हणायचे, आणि अनेकवचनात 'ले आरिको'. मध्ये 'झ' घालून 'ले झारिको' म्हटले तर चूक. ही चूक आता चालते अशी अफवा 1998 साली विद्यार्थ्यांसाठीच्या एका नियतकालिकातून पसरली, आणि फ्रेंच अकादमीला आजतागायत तिचे खंडन करावे लागते.

भाज्यांची नावे साऱ्या राष्ट्राकडून पाठ करून घेण्याचाही एक प्रयत्न झाला. 1793 मध्ये क्रांतिकारी सरकारने नवी कालगणना आणली आणि कवी फाब्र देग्लांतीन याने, वनस्पतीउद्यानातल्या आंद्रे तुआँ याच्या मदतीने, संतांच्या नावांऐवजी दिवसांना वनस्पती, प्राणी, खनिज किंवा अवजाराचे नाव दिले. वाँदेमिएर या पहिल्या महिन्याची सातवी तारीख गाजराची, नववी पार्सनिपची, अकरावी बटाट्याची, तेविसावी सलगमची. आणि 26, 27, 28 या तारखा ओळीने वांगे, मिरची आणि टोमॅटो यांच्या. ही कालगणना 1806 च्या पहिल्या दिवशी रद्द झाली.

आजचे पाठ्यपुस्तकातले पान ज्या स्वरूपात दिसते, त्याचे मूळ मात्र 1950 च्या दशकात आहे. परकीयांना शिकवण्यासाठी नेमके कोणते शब्द निवडावेत हे ठरवायला भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज गूगनेम यांच्या गटाने 275 लोकांची संभाषणे ध्वनिमुद्रित केली आणि त्यांतले सुमारे 3 लाख 12 हजार शब्द मोजले. हाती आले ते असे की क्रियापदे, सर्वनामे आणि वाक्ये जोडणारे शब्द पुन्हापुन्हा येतात, पण सर्वांना ठाऊक असलेल्या रोजच्या वस्तूंची नावे क्वचितच येतात, कारण त्या त्या वस्तूचा विषय निघाल्याशिवाय तिचे नाव निघत नाही. दिवसभर बोलूनही माणूस गाजर म्हणत नाही, आणि भाजी घ्यायला गेल्यावर मात्र त्याला दुसरा शब्द चालत नाही. म्हणून संशोधकांनी शाळकरी मुलांना शरीर, कपडे, खाणेपिणे, शेत आणि बाग अशा 16 विषयांपैकी एकेक देऊन सुचतील ती 20 नामे लिहायला सांगितली आणि त्यांतून 'उपलब्ध शब्द' निवडले. संभाषणाच्या धड्यांत भाज्या विखरून न येता त्यांचे वेगळे, विषयवार पान का असते, याचे उत्तर या पाहणीत आहे.

मुलांनी ती नामे लिहिली ती फ्रान्समध्ये, आणि त्यामुळे ते पान फ्रान्सचेच राहिले. बेल्जियममध्ये आणि फ्रान्सच्या उत्तर टोकाला आंदीव या पांढऱ्या, कडसर पालेभाजीला 'शिकों' म्हणतात. क्वेबेकमध्ये बटाटा म्हणजे 'पातात', जो आपल्या 'बटाट्या'चाच कॅरिबियन मुळाचा भाऊबंद आहे. मक्याला तिथे 'ब्ले दँद', म्हणजे हिंद देशाचा गहू, हे वसाहतकाळातले नाव अजून चालते. आणि पॅरिसमध्ये शिकलेला विद्यार्थी तिथल्या दुकानात 'नावे' मागून पांढऱ्या सलगमची वाट पाहू लागला, तर त्याच्या हातात बहुधा पिवळ्या गराचा र्युताबागा पडतो.