मालवणचा कोट, बेळगावचा कोट
मालवणहून परतलेला बेळगावकर तिथल्या सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल सगळ्यात आधी सांगतो ते हे: “आत लोक राहतात की हो! अंगणात तुळस, दोरीवर कपडे.” होडीतून जाताना दरवाजा दिसतच नाही, नुसता नागमोडी तट दिसतो, आणि पार जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडून दिल्ली दरवाजा पुढं येतो, हे तो मागाहून सांगतो.

या नवलाचं मूळ आमच्याच गावात आहे. आमच्या किल्ल्यात रट्ट राजांच्या काळातली, १२०४ ची कमल बस्ती म्हणजे जैन मंदिर आहे, साफा मशीद आहे, वेशीपाशी गणपती आणि दुर्गा आहेत; पण पायरीवर तांदूळ निवडत बसलेली बाई काही दिसायची नाही. खंदक ओलांडला की लष्कराची हद्द आणि कचेऱ्या. दिवाळीत गल्लीतली पोरं मातीचे किल्ले करतात, त्यातही मावळे असतात, तोफा असतात, घर क्वचितच. (आणि जलदुर्ग तर कुणीच करत नाही, पाणी रात्रीत मुरतं.)

सिंधुदुर्गात घरं का, तर शिवाजी महाराजांनी नुसतं ठाणं न उभारता दर्यात आरमाराचं बिऱ्हाडच मांडलं. सिद्दीचा जंजिरा हाती येत नव्हता. तेव्हा १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर काम सुरू झालं आणि तीनेक वर्षांत पुरं झालं. पायात शिसं ओतलं, असं सांगतात. क्षेत्र ४८ एकर. खरी किमया मात्र पाण्याची. चहूकडं खारा समुद्र आणि मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. त्या नसत्या तर शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरचं सैन्य, टिकली नसती, मग बायकापोरं कुठली?

पुढं राजाराम महाराजांनी आत शिवराजेश्वराचं, म्हणजे शिवाजी महाराजांचंच, मंदिर बांधलं. दाढी नसलेली ती मूर्ती पाहून नवखा माणूस थबकतो. किल्ला कोल्हापूरच्या गादीकडं गेला, १७६५ मध्ये इंग्रजांनी घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं आणि वर्षभरात पैसे घेऊन परतही केला. नाव काही रुजलं नाही.

आता आमच्याकडच्या लोकांना ठाऊक नसलेला भाग. चिकोडी आणि मनोळी या आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या मुलखावरून कोल्हापूरकर आणि पेशवे यांचा तंटा चालला होता. इंग्रज मध्ये पडले आणि ऑक्टोबर १८१२ मध्ये तह झाला. कोल्हापूरनं चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडला आणि त्याच तहात मालवण बंदर सिंधुदुर्गासकट इंग्रजांना दिलं. म्हणजे आमच्या काळ्या रानाचा आणि त्या बेटाचा निकाल एकाच कागदावर लागला. चिकोडीची माणसं आज होडीच्या रांगेत उभी असतात तेव्हा हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि मला तरी हाच त्या सहलीतला सगळ्यात रंजक भाग वाटतो.

बेळगावची पाळी सहा वर्षांनी आली. पेशवाई बुडत असताना इंग्रज सेनानी मन्रोनं किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदारानं तीन आठवडे दम धरला आणि एप्रिल १८१८ मध्ये किल्ला खाली केला. इथली हवा थंड, त्यामुळं इंग्रजांनी इथं छावणी वसवली आणि कोट लष्कराचाच राहिला. मालवणच्या बेटाचं त्यांना पुढं फारसं कामच उरलं नाही. शिबंदी गेली, पण शिवराजेश्वराची पूजा चालू राहिली, तिला कोल्हापूर दरबाराची नेमणूकही होती. देवाची चाकरी करणारी आणि जुन्या चाकरांची घरं त्यामुळं तिथंच राहिली.

त्यातली मोजकीच आज उरलीत. कुणी शहाळी विकतं, कुणी कोकम सरबत. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद होतात, तेव्हा आतल्या कित्येकांचा मुक्काम किनाऱ्यावर असतो. दर्या निवला की पुन्हा बेटावर.