राज्यशास्त्राच्या अध्यापनातील समाजमाध्यमे

विद्यापीठातील राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात चर्चा, निरीक्षण आणि लेखनाचा सराव यांसाठी ट्विटर (२०२३ पासून ‘एक्स’), फेसबुक इत्यादी माध्यमांचा केलेला वापर. ट्विटर २००६ मध्ये सुरू झाले व पुढच्याच वर्षी हॅशटॅगची (# चिन्ह लावलेल्या विषयदर्शक शब्दाची) कल्पना पुढे आली. एका विषयावरच्या नोंदी एकत्र दिसू लागल्याने वर्गापुरता हॅशटॅग ठरवणे प्राध्यापकांना सोपे झाले.

ब्रिटनमधील राज्यशास्त्राच्या वर्गाला यासाठी आयता विषय मिळतो. अधिवेशनकाळात दर बुधवारी दुपारी १२ वाजता हाउस ऑफ कॉमन्समध्ये (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात. थेट प्रक्षेपण पाहता पाहता विद्यार्थी ट्विटरवर टिपतात : प्रश्न कोणत्या बाकावरून आला, सत्ताधारी सदस्याने तो पंतप्रधानांची वाहवा करण्यासाठीच विचारला का, उत्तर मिळाले की बगल दिली गेली. आधी १४० व नोव्हेंबर २०१७ पासून २८० अक्षरांच्या मर्यादेमुळे पाल्हाळ आपोआप गळते. पुढच्या तासाला याच नोंदी चर्चेला घेतल्या, तर एरवी गप्प बसणाऱ्यांचे म्हणणेही पुढे येते. लोकसभेच्या प्रश्नोत्तराच्या तासावर असाच स्वाध्याय देता येईल. आपल्याकडचे वर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप गट मात्र बहुधा सूचना आणि नोट्सच्या पीडीएफपाशीच थांबतात.

परिणामांबाबत संशोधक रेनॉल जंको व सहकाऱ्यांच्या अमेरिकेतील प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. त्यात १२५ विद्यार्थी होते. ट्विटर वापरणाऱ्या गटाचा सहभाग व गुण दोन्ही जास्त आढळले. पण हे विद्यार्थी आरोग्यक्षेत्राकडे जाणारे होते, राज्यशास्त्राचे नव्हे, आणि त्या प्रयोगात शिक्षकही ट्विटरवर सक्रिय होते. नुसते खाते उघडून दिल्याने असा फरक पडेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

राज्यशास्त्रात खरी अडचण मताची आहे. एखाद्या पक्षावर किंवा धार्मिक प्रश्नावर विसाव्या वर्षी जाहीरपणे लिहिलेले वाक्य नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पाठ सोडत नाही; अनोळखी लोकांच्या शिवीगाळीला तर लगेच तोंड द्यावे लागते. म्हणून टोपणनाव, बंद गट किंवा त्याऐवजी लेखी स्वाध्याय हे पर्याय द्यावे लागतात. गुण युक्तिवादाला द्यावेत, लाइक्सना नव्हे. २०२३ मध्ये ट्विटरने संशोधकांना मोफत मिळणारी विदा (डेटा) बंद केली. हजारो ट्वीट गोळा करून निवडणूक प्रचाराचे विश्लेषण करण्याचे प्रकल्प त्यामुळे सामान्य विभागांच्या आवाक्याबाहेर गेले.