एका स्पीकरला दोन अ‍ॅम्प्लिफायर

काही स्पीकरच्या पाठीमागे दोनऐवजी चार टर्मिनल असतात. वरची जोडी ट्वीटरची (उंच स्वरांचा छोटा स्पीकर), खालची वूफरची (खर्जाचा मोठा स्पीकर), आणि दोन्ही जोड्या धातूच्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या. या पट्ट्या काढल्या की प्रत्येक जोडीला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर लावता येतो. हेच बाय-अ‍ॅम्पिंग. (पट्ट्या तशाच राहिल्या तर दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरची आउटपुट एकमेकांना भिडतात आणि एखादा जळूही शकतो.)

आता आवाज किती सुधारतो? माझ्या मते खर्चाच्या मानाने फारच कमी. स्पीकरच्या पेटीतला क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज आणि वरचे स्वर वेगळे करणारं कॉइल आणि कपॅसिटरचं जाळं, जागच्या जागीच असतं. सिग्नलची वाटणी होते ती अ‍ॅम्प्लिफायरच्या नंतर. ट्वीटरकडच्या अ‍ॅम्प्लिफायरला करंट थोडाच द्यावा लागतो, पण ढोलाच्या ठोक्याचं व्होल्टेज त्याच्याही आउटपुटवर पूर्ण उमटतं. त्यामुळे दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर सारखेच असतील तर क्लिपिंग (सिग्नलची शिखरं छाटली जाऊन आवाज फाटणं) साधारण पूर्वीच्याच पातळीला सुरू होतं.

खरी गंमत आहे ती वाटणी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी करण्यात. समजा, एखाद्या क्षणी खर्जाचं शिखर २० व्होल्टचं आहे आणि त्याच क्षणी वरच्या स्वरांचंही २० व्होल्टचं. एकट्या अ‍ॅम्प्लिफायरला ४० व्होल्टपर्यंत जावं लागेल. ८ ओहमवर त्यासाठी १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर हवा. वाटणी आधीच झाली असेल तर प्रत्येकाला २० व्होल्ट पुरतात, म्हणजे २५-२५ वॅट. पन्नासात शंभराचं काम! शिवाय वूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये कॉइलचा रोध उरत नाही, त्यामुळे शंकूच्या हालचालीवर अ‍ॅम्प्लिफायरची पकड घट्ट राहते.

मात्र पेटीतला क्रॉसओव्हर उपटून त्याच फ्रिक्वेन्सीला वाटणी करणारा तयार इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी बसवला की झालं, असं नाही. मूळ जाळं ट्वीटरची पातळी खाली आणतं, पेटीच्या आकारामुळे आलेले चढउतारही बऱ्याचदा सावरतं. ते सगळं मायक्रोफोनने मोजून पुन्हा जुळवावं लागतं. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरचं गेन, म्हणजे ते सिग्नल किती पट वाढवतात, तेही जुळायला हवं; ३ डेसिबलचा फरक पडला तरी गाणं कर्कश किंवा बोजड वाटू लागतं. इतकी खटपट नको असेल त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्यावेत. तिथे ही जुळवाजुळव कारखान्यातच झालेली असते.

आणि स्वतःच करणार असाल, तर ट्वीटरच्या वाटेत एक मोठा कपॅसिटर राहू द्या. अ‍ॅम्प्लिफायर चालू करताना बसणारा ‘धप्प’ धक्का ट्वीटरची केसासारखी बारीक तार सोसेलच असं नाही.