गुडमारचं पान जिभेवर आणि रक्तात

गुडमारचं पान मिनिटभर चावा, चोथा थुंका आणि जिभेवर चिमूटभर साखर ठेवा. वाळूचे कण तोंडात गेल्यासारखं वाटतं. गोडवा नावालाही नाही. अर्ध्या-पाऊण तासाने चव परत येते. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या ग्राहींना चिकटतात, म्हणून हे घडतं. खारट-आंबट मात्र नीट कळतं. पश्चिम घाटातल्या या वेलीला आयुर्वेदात मधुनाशिनी म्हणतात.

टाइप टू मधुमेहाचं दुखणं जिभेपेक्षा खूप खोल आहे. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं आणि स्वादुपिंडही हळूहळू थकतं. गोव्यात तर हा घरोघरचा आजार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत गोव्यातलं मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक, देशाचं ११.४. त्यामुळे पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुणी ना कुणी गुडमारची पूड सुचवतंच.

मग ती रक्तातली साखर उतरवते का? १९९० साली मद्रासच्या संशोधकांनी २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत रोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने दिला. साखर उतरली, पाच जणांच्या तर गोळ्याही सुटल्या. आशा वाटावी असंच हे आहे, पण २२ माणसांवरून लाखोंचं औषध ठरवता येत नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या नेहमीच्या गोळीची पाळंमुळंही गॅलेगा नावाच्या एका वनस्पतीतच आहेत. फरक असा, की त्याची मात्रा ठरली आहे आणि हजारो रुग्णांवर पारख झाली आहे. पुडीतल्या चमचाभर पाल्यात आम्लं किती, हे विकणाराही सांगू शकत नाही.

‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही’ हे बोलणं मला फार धोक्याचं वाटतं. पाला खरंच गुण देत असेल, तर ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन यांच्या जोडीला तो रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, म्हणजे धोक्याइतकी कमी, नेऊ शकतो. सकाळी गोळी घेऊन नुसत्या पेजेवर राहणाऱ्या आजीला घाम सुटला, हात थरथरले, तर कारण तेच असू शकतं. अशा वेळी आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता १०८ला फोन करा. पूड घ्यायचीच असेल, तर गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डबा डॉक्टरांना दाखवा आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या.