जुन्या फुलदाणीत शिसे आहे का? वजनकाटा सांगेल

पैलू पाडलेली जुनी फुलदाणी हातात आली की बहुतेक संग्राहक आधी काठावर टिचकी मारतात. नाद लांबला की क्रिस्टल, म्हणजे शिशाची काच, असा हिशेब. शिशाची काच जास्त वेळ निनादते हे खरे, पण नाद आकारावरही अवलंबून असतो. जाड बुडाची, आखूड मानेची फुलदाणी अस्सल असूनही नुसती ‘ठक्’ करते. शिवाय काठाला बारीक तडा असेल तर टिचकीने तो वाढतो.

त्यापेक्षा घनता मोजावी. साध्या सोडा काचेची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 2.5 ग्रॅम असते. 24 टक्के शिशाचे ऑक्साइड असेल तर ती 2.9 च्या पुढे जाते आणि 30 टक्क्यांना 3 गाठते. शिशाचा अणू जड म्हणून ही वाढ. त्याच शिशामुळे प्रकाश जास्त वळतो आणि पैलू झळाळतात.

आधी कोरडी फुलदाणी तोला. मग काट्यावर पाण्याची बादली ठेवून आकडा शून्य करा. फुलदाणी सुती दोरीने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबकळत धरा. आता दिसणारे ग्रॅम म्हणजे तिचे घन सेंटिमीटरमधले आकारमान. कोरडे वजन 1500 आणि हा आकडा 500 आला, तर घनता 3.

चूक बहुधा दोन ठिकाणी होते: फुलदाणी बादलीच्या तळाला टेकते किंवा पैलूंच्या खाचांत हवा अडकते. दोन्ही वेळा आकडा फुगतो आणि अस्सल काच हलकी ठरते. म्हणून फुलदाणी तिरपी करून आत सोडावी. पाणी खोलीच्याच तापमानाचे हवे. गरम पाण्याने जाड काच तडकते. चिकटवलेला तुकडा असेल तर ही चाचणी टाळाच.

घनतेवरून वय मात्र कळत नाही. त्यासाठी भिंगातून पैलूंचे तळ पाहा. चाकावर हाताने झिलई केलेल्या खाचेत बारीक समांतर रेषा आणि धारदार कडा दिसतात. आम्लाने झिलई करण्याची पद्धत विसाव्या शतकात सर्रास झाली. तिने रेषा पुसल्या जातात, कडा मऊ होतात. साच्यात दाबून काढलेल्या नकलेच्या कडा गोलसर असतात, कधी जोडरेषाही दिसते.

विकत घेण्याआधी आतली बाजू साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावी. पाणी दीर्घकाळ साचून राहिले की काचेतले अल्कली क्षार झिरपून पृष्ठभाग कायमचा धुरकटतो. तेलाचा हात फिरवून तो डाग लपवता येतो, आणि तेल निघाले की तो पुन्हा वर येतो.