इटालियन पडद्यावरचे मुखवटाधारी गुन्हेगार: चित्रकथांपासून चित्रपटांपर्यंत

इटलीत १९६६ ते १९६८ या काळात काही चित्रपट असे निघाले, ज्यांचे नायक चोर होते, खुनी होते आणि मूळचे चित्रकथांमधले होते. ‘क्रिमिनाल’, ‘सातानिक’ आणि ‘दियाबोलिक’ ही त्यांतली ठळक नावे. त्यांच्याकडे आज बहुधा त्या दशकाच्या भडक रंगांची आणि फॅशनची आठवण म्हणून पाहिले जाते. मात्र त्यांची खरी पार्श्वभूमी वेगळी आहे. गुन्हेगाराला नायक करण्याची मोकळीक छापील पानावर किती आणि पडद्यावर किती, हा प्रश्न या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. पानावरचा गुन्हेगार पडद्यावर येताना दर वेळी थोडा बदलला तो याच प्रश्नामुळे.

सुरुवात मिलान शहरात झाली. आंजेला जुस्सानी या महिलेने आस्तोरिना नावाची छोटी प्रकाशनसंस्था काढली होती आणि एका मुष्टियोद्ध्याची अमेरिकी चित्रकथा इटालियनमध्ये छापून पाहिली होती. तिला फारसे यश आले नाही. कादोर्ना स्थानकातून रोज ये-जा करणारे हजारो नोकरदार मात्र तिच्या नजरेत भरले होते. गाडीत उभ्याने वाचता येईल, कोटाच्या खिशात मावेल आणि प्रवास संपेपर्यंत वाचून होईल असे काहीतरी या प्रौढ वाचकाला हवे आहे, हे तिने ओळखले. काय वाचायला द्यायचे, याचे उत्तर तिला ‘फांतोमास’ या फ्रेंच कादंबरीमालिकेत मिळाले. गाडीत कोणीतरी विसरून गेलेली तिची एक प्रत आंजेलाच्या हाती लागली, असे सांगतात. पिएर सुव्हेस्त्र आणि मार्सेल आलँ यांनी १९११ मध्ये सुरू केलेल्या त्या मालिकेत वेषांतरात निष्णात असलेला एक निर्दय गुन्हेगार पोलिसांना सतत गुंगारा देतो. १ नोव्हेंबर १९६२ रोजी ‘दियाबोलिक’चा पहिला अंक निघाला. आकार सुमारे १२ बाय १७ सेंटिमीटर, किंमत १५० लिरा. लवकरच धाकटी बहीण लुचाना हीही लेखनात सामील झाली आणि पुढची अनेक वर्षे दोघी बहिणींनी मिळून या मालिकेचा संसार चालवला.

दियाबोलिकचा चेहरा अमेरिकी नट रॉबर्ट टेलर याच्यावरून बेतला होता. अंगभर काळा, घट्ट पोशाख आणि त्यातून दिसणारे फक्त डोळे. हाताशी खंजीर, दिमतीला काळी जग्वार ई-टाइप मोटार आणि दुसऱ्या कोणाचाही चेहरा हुबेहूब उतरवणारे लवचीक मुखवटे. क्लेरव्हिल या काल्पनिक शहरात तो दागिन्यांवर डल्ला मारतो आणि आड येणाऱ्याला ठार करतो. इन्स्पेक्टर जिंको त्याच्या मागावर असतो. मालिकेला खरा कणा मिळाला तो मार्च १९६३ च्या तिसऱ्या अंकात, इव्हा कांटच्या प्रवेशाने. या अंकात दियाबोलिक पकडला जातो आणि त्याला गिलोटिनची शिक्षा होते. इव्हाला जाळ्यात ओढू पाहणारा कारोन हा सरकारातला बडा माणूस तिच्याच डावात सापडतो; दियाबोलिकच्या चेहऱ्याचा मुखवटा त्याच्यावर चढवला जातो आणि शेवटी पात्याखाली मान जाते ती त्याची. स्त्री ही संकटात सापडणारी आणि नायकाने सोडवायची, हा तोवरचा रिवाज होता. इथे स्त्री नायकाला सोडवते आणि त्यासाठी एका माणसाचा जीव घेते. दोन स्त्रियांनी लिहिलेल्या या कथेतला हा बदल मला संपूर्ण मालिकेतला सर्वांत धाडसी वाटतो.

यश दिसताच नक्कल करणारे पुढे आले आणि त्यांतल्या अनेकांनी नावात ‘क’ हे धारदार अक्षर आवर्जून ठेवले. ज़ाकिमोर्त, सादिक, देमोनियाक अशी रांगच लागली. या काळोख्या चित्रकथांना इटलीत ‘फुमेत्ती नेरी’ म्हणू लागले. त्यांतले बहुतेक अंक आज विस्मरणात गेले आहेत, पण एका जोडीचे काम टिकले. मॅक्स बंकर या टोपणनावाने लिहिणारे लुचानो सेक्की आणि माग्नुस या नावाने चित्रे काढणारे रोबेर्तो राव्हियोला यांनी ऑगस्ट १९६४ मध्ये ‘क्रिमिनाल’ आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘सातानिक’ सुरू केले. क्रिमिनाल पिवळ्या पोशाखावर हाडांचा सापळा रंगवून लंडनमध्ये वावरतो. त्याच्या सुरुवातीच्या अंकांतली हिंसा दियाबोलिकपेक्षा कितीतरी उघडी होती. सातानिकची नायिका मार्नी बॅनिस्टर ही चेहऱ्यावरच्या व्यंगामुळे हेटाळणी सोसलेली शास्त्रज्ञ असते. एका रसायनाने ती देखणी होते आणि मग जगाचा सूड घेत सुटते. माग्नुसच्या ठसठशीत काळ्या शाईत जे बळ आहे, ते त्या काळच्या कुठल्याही चित्रपटाला साधले नाही, असे माझे मत आहे.

साहजिकच ओरड सुरू झाली. वृत्तपत्रांनी, पालकांनी आणि चर्चशी संबंधित मंडळींनी तरुण पिढी बिघडत असल्याची तक्रार केली. अंक जप्त होऊ लागले, खटले भरले गेले. जुस्सानी भगिनींनाही न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्या निर्दोष सुटल्या. तरीही परिणाम व्हायचा तो झाला. ‘क्रिमिनाल’ आणि ‘सातानिक’ यांची धार मुद्दाम बोथट करण्यात आली. दियाबोलिकही हळूहळू बदलला. गरिबाला न लुटणारा, दिलेला शब्द पाळणारा आणि बव्हंशी दुर्जनांनाच मारणारा असा तो होत गेला. चित्रपट निर्माते या पात्रांकडे वळले ते नेमके याच सुमारास, आणि ही वेळ ध्यानात ठेवली नाही तर पडद्यावरचा मवाळपणा केवळ दिग्दर्शकांचा दोष वाटू लागतो.

निर्मात्यांची गरज निराळी होती. हर्क्युलस आणि मासिस्ते यांच्या पौराणिक मारामारीपटांची लाट ओसरली होती. जेम्स बॉण्डच्या यशानंतर युरोपभर हेरपटांचे पेव फुटले होते आणि फ्रान्समध्ये फांतोमासही १९६४ पासून, बऱ्याच विनोदी अंगाने, पडद्यावर परतला होता. चित्रकथांना तयार वाचक होता, नावाची वेगळी जाहिरात करावी लागत नव्हती आणि स्पेन किंवा फ्रान्समधल्या भागीदाराबरोबर खर्च वाटून घेता येत होता.

उंबेर्तो लेन्झी यांचा ‘क्रिमिनाल’ १९६६ मध्ये आला. नायकाच्या भूमिकेत ग्लेन सॅक्सन हे नाव घेतलेला डच नट होता, तर नायिका हेल्गा लिने होती. फाशीच्या तख्तावरून निसटलेला क्रिमिनाल हिऱ्यांच्या मागे लंडनहून थेट इस्तंबूलपर्यंत जातो. अधूनमधून पडद्यावरचे दृश्य गोठते आणि त्याची चितारलेली चौकट होते. मूळ माध्यमाला असा सलाम करण्याची कल्पना त्या काळी नवी होती. चित्रकथेतले क्रौर्य मात्र इथे जवळजवळ नाहीसे झाले आहे. सापळ्याचा पोशाखही मोजक्याच प्रसंगांत दिसतो आणि उरतो तो एक रुबाबदार, स्त्रियांना भुरळ घालणारा चोर. या चित्रपटाचे संगीत जॅझ पियानोवादक रोमानो मुसोलिनी यांचे आहे. त्यांच्या वडिलांच्या राजवटीने १९३८ मध्ये परदेशी, विशेषतः अमेरिकी चित्रकथांवर बंदी आणली होती, हे लक्षात घेता हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

पाठोपाठ फेर्नांदो चेर्किओ यांनी क्रिमिनालवर दुसरा चित्रपट केला. पिएरो व्हिव्हारेल्ली यांनी ‘मिस्टर एक्स’ आणि नंतर १९६८ मध्ये माग्दा कोनोप्का हिला घेऊन ‘सातानिक’ काढला. मूळ कथेतला संताप या ‘सातानिक’मध्ये शोधूनही सापडत नाही, त्यामुळे त्याच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

‘दियाबोलिक’ची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. हक्क प्रथम निर्माते तोनिनो चेर्व्ही यांच्याकडे होते, पुढे सूत्रे दिनो दे लाउरेन्तीस यांच्या हाती आली. १९६५ मध्ये ब्रिटिश दिग्दर्शक सेथ होल्ट यांनी झाँ सोरेलला दियाबोलिक करून स्पेनमध्ये चित्रीकरण सुरूही केले. झालेले काम पाहून दे लाउरेन्तीस यांनी ते मध्येच थांबवले आणि नव्याने सुरुवात करण्यासाठी मारिओ बाव्हा यांना बोलावले. बाव्हा हे मूळचे छायालेखक. १९६० पासूनच्या भयपटांनी त्यांचे नाव झाले होते आणि थोड्या पैशांत भव्यतेचा आभास उभा करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. जॉन फिलिप लॉ हा अमेरिकी नट नायक ठरला. इव्हाच्या भूमिकेसाठी कॅथरीन दनव्ह हिची निवड झाली होती, पण चित्रीकरणाच्या पहिल्या आठवड्यातच तिच्या जागी मारिसा मेल आली. जिंको झाला मिशेल पिकोली, तर टोळीप्रमुख व्हालमोंच्या भूमिकेसाठी आदोल्फो चेली आला. तो तेव्हा बॉण्डपटातला खलनायक म्हणून जगभर ओळखला जात होता. चित्रीकरण १९६७ च्या एप्रिल ते जून या महिन्यांत झाले. संगीत एन्नियो मोरिकोने यांचे.

बाव्हांची हातोटी पाहायची तर दियाबोलिकचा भुयारी अड्डा पाहावा. पडद्यावर तो डोंगराएवढा दिसतो, पण प्रत्यक्षात नेपथ्याचा थोडासाच भाग बांधलेला होता. बाकीचे खडक, जिने आणि कमानी कॅमेऱ्यासमोर धरलेल्या काचेवर रंगवून किंवा मासिकांतली कापलेली चित्रे चिकटवून उभ्या केल्या होत्या; नट त्या काचेतल्या मोकळ्या जागेतून दिसत. दे लाउरेन्तीस देऊ करत होते त्यापेक्षा खूपच कमी पैशांत, सुमारे २० कोटी लिरांत, हा चित्रपट झाला. सपाट रंगांचे पट्टे, मुद्दाम चौकटी पाडणाऱ्या खिडक्या आणि जाळ्या, एका कोपऱ्यात दाबून बसवलेली माणसे यांमुळे चित्रकथेचे पान उलटत असल्याचा भास होतो. फिरत्या गोल पलंगावर नोटांच्या ढिगात लोळणारे दियाबोलिक आणि इव्हा हे दृश्य तर या प्रकारच्या सिनेमाची ओळखच बनले.

आशयात मात्र तडजोड होती. बाव्हांना काळाकुट्ट, रक्तरंजित दियाबोलिक हवा होता. सगळ्या कुटुंबाला पाहता यावा म्हणून दे लाउरेन्तीस हिंसा कमी करायला लावत होते. या ओढाताणीतून अनपेक्षितपणे एक तिसरेच रूप तयार झाले. इथला दियाबोलिक सरकारलाच लक्ष्य करतो. तो देशाची कर-कार्यालये उडवून देतो, सगळ्या नोंदी नष्ट होतात आणि टेरी-थॉमस या ब्रिटिश विनोदी नटाने रंगवलेला मंत्री दूरचित्रवाणीवरून नागरिकांना आपापला कर आपणहून भरण्याची विनंती करतो. चित्रपट इटलीत जानेवारी १९६८ मध्ये लागला, म्हणजे विद्यार्थ्यांची आंदोलने युरोपभर भडकण्याच्या तोंडावर. छापील दियाबोलिक व्यवस्थेला असा उघड हात घालत नव्हता. पडद्याने त्याच्या खंजिराची धार कमी केली, पण त्याच्या हाती सरकारविरुद्धचा सुरुंग दिला, हे या रूपांतराचे वैशिष्ट्य मला फार मोलाचे वाटते.

तिकीटखिडकीवर यश बेताचेच मिळाले. दे लाउरेन्तीस यांनी दुसऱ्या भागासाठी विचारणा केली, बाव्हांनी ती नाकारली. या पात्रांची हवा तेवढ्यात इतरत्र पोहोचली होती. सापळ्याच्या पोशाखाची नक्कल करून १९६६ मध्ये इटलीतच ‘किलिंग’ ही छायाचित्रकथा निघाली आणि तिच्यावरून १९६७ मध्ये तुर्कस्तानात ‘किलिंक’ची चित्रपटमालिका सुरू झाली. डिस्नेच्या इटालियन लेखक-चित्रकारांनी १९६९ मध्ये डोनाल्ड डकला रात्रीच्या मुखवटाधारी सूडकऱ्याचे रूप देऊन ‘पापेरिनिक’ निर्माण केला; जी कल्पना चार वर्षांपूर्वी न्यायालयात उभी होती, ती आता मुलांच्या अंकात आली.

तरीही इटलीत ही चित्रपटांची मालिका तिथेच थांबली, आणि त्याचे कारण केवळ आर्थिक नव्हते. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियाझ्झा फोंताना चौकातल्या बँकेत बॉम्बस्फोट झाला, १७ माणसे मेली आणि राजकीय हिंसेचे दीर्घ पर्व सुरू झाले. अपहरणे, दरोडे आणि गोळीबार रोजच्या बातम्यांत आल्यावर काल्पनिक शहरातल्या डौलदार चोराला पडद्यावर जागा उरली नाही. खऱ्या शहरांतल्या रस्त्यांवर घडणारे, चिडलेल्या पोलिसांचे आणि निर्ढावलेल्या टोळ्यांचे चित्रपट त्याच्या जागी आले. ‘क्रिमिनाल’ करणारे लेन्झीच सत्तरच्या दशकात या प्रकारचे आघाडीचे दिग्दर्शक झाले. ‘क्रिमिनाल’ आणि ‘सातानिक’ हे दोन्ही अंक १९७४ मध्ये बंद पडले. दियाबोलिक मात्र निघत राहिला. आंजेलाचे १९८७ मध्ये आणि लुचानाचे २००१ मध्ये निधन झाल्यावरही त्यात खंड पडला नाही.

गुन्हेगारी चित्रकथा पुन्हा गांभीर्याने पडद्यावर आली ती एका चित्रकथाकारामुळेच. इगोर्त यांनी २००२ मध्ये ‘चिंक्वे ए इल नुमेरो पेर्फेत्तो’ ही नेपल्समधल्या एका निवृत्त मारेकऱ्याची कथा प्रकाशित केली होती. २०१९ मध्ये त्यांनी स्वतःच तिचा चित्रपट दिग्दर्शित केला, तोनी सेर्व्हिल्लो याला नायक करून. मुलाच्या खुनाचा सूड घेणारा हा म्हातारा गुन्हेगार सौम्य करण्याची आता कोणाला गरज वाटली नाही.

त्यानंतर मार्को आणि आंतोनियो मानेत्ती हे बंधू दियाबोलिककडे वळले. करोनाच्या साथीमुळे लांबलेला त्यांचा पहिला चित्रपट डिसेंबर २०२१ मध्ये लागला. लुका मारिनेल्ली, मिरियम लिओने आणि व्हालेरियो मास्तांद्रेआ यांना घेऊन केलेल्या या चित्रपटाचा आधार होता १९६३ चा तिसरा अंक, आणि त्यात कारोनचा गिलोटिनखालचा मृत्यू जसाच्या तसा ठेवला आहे. बाव्हांचा झपाटा इथे नाही. संथ, काहीशी कोरडी मांडणी अनेक प्रेक्षकांना खटकली. पण छापील पानावरचा निर्दय दियाबोलिक पहिल्यांदाच न बदलता पडद्यावर आला, हे श्रेय या बंधूंना द्यायलाच हवे. २०२२ च्या दुसऱ्या भागापासून नायकाच्या भूमिकेत जाकोमो जान्नियोत्ती आला. २०२३ च्या तिसऱ्या भागासाठी निवडलेली कथा मूळची १९६८ ची, म्हणजे बाव्हांच्या चित्रपटाच्याच वर्षातली आहे. तीत एका टोळीच्या कैदेत सापडलेले जिंको आणि दियाबोलिक एकाच ठिकाणी अडकतात, आणि गुन्हेगारांच्या बेटावर वाढलेला दियाबोलिक आपले बालपण पहिल्यांदा सांगतो, तेही ज्याने आयुष्यभर आपला पाठलाग केला त्या पोलिसाला.