स्टेरॉइड संप्रेरकं घडवणारी जनुकं कोण चालू करतं?

अंडाशयात इस्ट्रोजेन बनतं, वृषणात टेस्टोस्टेरॉन; दोन्ही स्टेरॉइड संप्रेरकं. दोन्हींचा कच्चा माल एकच, कोलेस्टेरॉल. ते घडवणाऱ्या एन्झाइमांची जनुकं तर शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत असतात. मग ती मोजक्या अवयवांतच का जागी होतात?

हा प्रश्न नीट विचारता आला तो १९८०च्या दशकात, ही जनुकं हाती आल्यावर. त्याआधीची कित्येक वर्षं संप्रेरकं मिळवण्यातच गेली होती. १९३१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनान्ट यांना सुमारे १५,००० लिटर मूत्रातून अँड्रोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जेमतेम १५ मिलिग्रॅम मिळालं होतं!

एन्झाइमांच्या जनुकांलगतचा डीएनए तपासताना एक छोटा क्रम थोड्याफार फरकाने पुन्हापुन्हा दिसू लागला. त्याला चिकटणारं प्रथिन १९९२ मध्ये अमेरिकेत कीथ पार्कर आणि जपानमध्ये केन-इचिरो मोरोहाशी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे ओळखलं. आज ते एसएफ-१ म्हणून ओळखलं जातं. १९९४ मध्ये पार्कर यांच्या गटाने उंदरांतलं त्याचं जनुकच निकामी केलं. संप्रेरकं कमी पडतील, एवढीच कोणाचीही अटकळ असती. पण पिल्लं जन्मली ती अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या, स्टेरॉइड संप्रेरकं बनवणाऱ्या) आणि जननग्रंथींशिवायच, आणि थोड्याच दिवसांत दगावली. वाय गुणसूत्र असलेल्या पिल्लांचे अंतर्गत जननमार्गही मादीसारखे होते. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा प्रयोग हाच. संप्रेरकं बनवण्याचा हुकूम देणारं प्रथिन तो अवयव घडण्यासाठीही लागतं, हे त्यातून कळलं.

त्याच वर्षी टेक्सासमध्ये डग्लस स्टोको यांच्या गटाला स्टार हे प्रथिन सापडलं. कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या, आतल्या पटलापर्यंत पोचवणं हे त्याचं काम; संप्रेरक बनण्याची सुरुवात तिथेच होते. मेंदूलगतच्या पिट्यूटरी ग्रंथीकडून एलएच हे संप्रेरक आलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि स्टारचं जनुक जोमाने चालू होतं.

अरोमाटेजची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. अँड्रोजेनचं (टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी संप्रेरकाचं) इस्ट्रोजेन करणाऱ्या या एन्झाइमचं जनुक एकच, पण प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारे डीएनएचे तुकडे, अनेक. अंडाशय वापरतं तो प्रमोटर जनुकाच्या अगदी लगत असतो आणि एफएसएच या पिट्यूटरीच्याच दुसऱ्या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर चालतो. गर्भाला पोसणारी वार (प्लॅसेंटा) वापरते तो जवळपास ९०,००० डीएनए-अक्षरं दूर. चरबीचा आणखी वेगळा. इव्हान सिम्पसन आणि सेरदार बुलुन या संशोधकांच्या कामातून हे उलगडत गेलं. स्तनाच्या कर्करोगात गाठीजवळची चरबी अंडाशयाचा प्रमोटर वापरू लागते, आणि तिथे बनणारं इस्ट्रोजेन गाठ वाढवतं, हेही दिसलं. या कर्करोगावरची लेट्रोझोलसारखी औषधं अरोमाटेज शरीरभर बंद पाडतात, त्यामुळे हाडं ठिसूळ होतात. म्हणूनच गाठीजवळचा तेवढाच प्रमोटर दाबता येईल का, यावर संशोधन सुरू झालं.